पाळण्याचा दोर

समुद्राची वाटणी अजून कुठल्या राजानं केली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी दोन भाऊ राहत. दोघांत मिळून एक छोटी शिडाची होडी. थोरला सुकाणू धरी, धाकटा शीड सांभाळी.

होडीत एक लांब दोर असे, टोकाला सुका भोपळा बांधलेला. कुणी पाण्यात पडलं तर त्याच्याकडे फेकायचा. बापानं मरताना बजावलं होतं, "एक वेळ जाळं विसरा, पण हा दोर होडीतून हलवू नका."

पुढं धाकट्याला मुलगा झाला. घरात आनंदीआनंद, पण पाळणा टांगायला दोर कुठंय? थोरल्याचा पुतण्यावर भारी जीव. त्यानं होडीतला दोर आणला, भोपळा सोडून कोपऱ्यात टाकला आणि पाळणा आढ्याला टांगला.

धाकटा म्हणाला, "दादा, तो होडीतच राहू दे."

"अरे, आभाळात ढगाचा ठिपका नाही. बाजाराच्या दिवशी नवा आणू की."

बाजाराचा दिवस आला नि गेला. मासळी भरपूर मिळत होती, वाराही गुणी होता. उद्या आणू, परवा आणू. माणसाचं असंच असतं बघा, तहान लागल्याशिवाय त्याला विहीर आठवत नाही.

आणि एका दुपारी, किनारा दिसत असतानाच, आभाळ काळंठिक्कर पडलं. धाकटा शीड उतरवायला उठला. वाऱ्याचा तडाखा बसला, शिडाची काठी गर्रकन फिरली आणि तो पाण्यात गेला.

"दादा, दोर टाक," तो ओरडला.

थोरल्याचा हात सवयीनं दोराच्या जागी गेला. तिथं नुसत्या फळ्या. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून फेकलं. ते हातभर कमी पडलं. दुसऱ्यांदा फेकलं तेव्हा धरायला कुणी नव्हतं.

होडी कशीबशी काठाला लागली. थोरला घरी आला तेव्हा भावजय पाळण्याला झोका देत होती.

"भावोजी, हे कुठं मागं राहिले?"

थोरला आढ्याकडे बघत राहिला. दोर चांगला मजबूत होता. बाळ गाढ झोपलं होतं.

"पोरी, तुझा धनी माझ्या हातानं गेला," एवढंच तो बोलला आणि उंबऱ्यावरच बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोर सोडला, भोपळा बांधला आणि होडीत नेऊन ठेवला. पुन्हा कधी तो दोर तिथून हलला नाही. पण थोरला आता एकटाच समुद्रावर जाई. तो पडला, तर दोर फेकणार कोण?

म्हणून सांगतो, संकटासाठी राखलेली वस्तू सुखाच्या दिवसांत दुसऱ्या कामाला लावू नये. संकट निरोप धाडून येत नाही.