दादा आला की

येसूदादाची मालिका लागली की शलाकाच्या डोळ्यांपुढे ती राहत असलेली तांबटआळी जुन्या रूपात तरंगू लागे. धुकं, कंदील आणि त्यातून संथ येणारा टांगा. शंभर वर्षांपूर्वीचा तो गुंड तिला स्वप्नातला राजाच वाटे.

एके दिवशी मालिकेचे निर्माते धुरंधरसाहेब प्रेक्षकांचं मत घ्यायला आळीत आले. मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या गोदूबाईंचं नाव तिथल्या चौकाला होतं. ते काढून येसूदादाचं द्यावं, असं त्यांना वाटत होतं.

"गुंड कसला? अख्ख्या आळीचा थोरला भाऊ होता तो. म्हणून तर लोक दादा म्हणायचे! करा हात वर!" धुरंधर म्हणाले.

भारावलेले हात वर गेले. शलाकाचाही अर्धा गेला आणि तिथेच थांबला.

"साहेब, मालिकेत त्याचा टांगा आला की लोक काय करतात हो?"

"धडाधड दारं लावून घेतात! काय दरारा दाखवलाय, नाही?"

"आमच्याकडे थोरला भाऊ आला की दार उघडतात."

आळी खदखदून हसली. हात खाली आले. चौक गोदूबाईंचाच राहिला.

संध्याकाळी पडद्यावर पुन्हा धुकं उतरलं, टांगा आला. शलाका मात्र त्या बंद दारांकडे बघत राहिली.