ओटीतली माती

आठ वर्षांत माझी माती वाहून गेली असेल, असं मला वाटलं होतं. पण कोहळझरीच्या ओटीच्या टेकडीवर ती पळसाच्या ताज्या द्रोणात सापडली, वर दगड ठेवलेला. शेजारी आणखी एकेचाळीस द्रोण. आमच्याकडे गाव सोडणारा आपल्या शेतातली मूठभर माती या टेकडीवर ठेवून जातो. कायमचा परतला की खाली नेतो. एकदा नेलेली पुन्हा वर ठेवत नाहीत. मी आले होते दोन दिवसांसाठी, अभ्यासाला दगड न्यायला.

"पानं कोण बदलतं, आजा?"

"आणखी कोण उरलंय?" माझ्यासोबत वर आलेला गावातला म्हातारा लालसूआजा म्हणाला.

टेकडीचा दगड काळा-तांबडा, पट्ट्यापट्ट्यांचा. हातोडी मारली की घणघणतो, त्याला लोहचुंबक चिकटतं. तो असा का, ते आजाने सांगितलं.

पूर्वी इथे टेकडी नव्हती, म्हणे. मऊ तांबडी शेतं होती. दुष्काळ पडला, गाव निघालं. जमीन परकी होऊ नये म्हणून प्रत्येक घराने मूठभर माती रुकमी नावाच्या एकट्या बाईच्या ओटीत घातली. "आम्ही परतून ऊठ म्हणेपर्यंत उठू नकोस," असं बजावलं.

ती बसली. पाऊस आला, युगानुयुगं येत राहिला. मातीतलं विरघळणारं सारं वाहून गेलं, लोखंड तेवढं राहिलं. माती सांडेल म्हणून ती उठली नाही. अंगावर गाळ साचत गेला, ती खोल गेली. तिथल्या भाराने आणि धगीने ओटीतली माती दगड झाली. पुढे भुईने तो वर उचलला, तेव्हा त्यात घराघराचा वेगळा पट्टा होता, असं सांगतात. ऊठ म्हणायला मात्र कुणी आलं नाही. म्हणून माती परत नेणारा आधी तिला ऊठ म्हणतो.

"तुझ्या पुस्तकात काय आहे?" आजाने विचारलं.

"हेच. झिजलेली माती, उरलेलं लोखंड, मग भार आणि उष्णता."

"मग नवं काय शिकलीस? बाई तेवढी गाळली."

मी हसले. तो हसला नाही. "माझे गुडघे गेले, पोरी. पुढच्या साली पानं नाही बदलणार."

गावासाठी काहीतरी करायचं, असं दूरच्या वर्गात बसून मी किती वह्यांत लिहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी घरीच ठेवून एकटी वर गेले. माझा द्रोण उचलला, दगडावर हात टेकून म्हटलं, "ऊठ, बाई." माती आमच्या भाताच्या बांधीत नेऊन पसरली.

आजही टेकडीवर एकेचाळीस द्रोण आहेत. पानं मी बदलते.