आपोआप उघडणारं दार

तळ्याच्या पाण्यावर पोसलेलं निमखेडी नावाचं एक गाव होतं. पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं, पण एखादा दांडगा मध्येच आपल्या शेताकडचं पाटाचं दार उघडून घ्यायचा. पाटाच्या अगदी शेवटी अनसूयाकाकूंचं शेत. तिथवर पाणी पोचेपर्यंत त्यांच्या कांद्याच्या रोपानं मान टाकलेली असायची.

गावचीच प्रणिता शहरातून संगणक शिकून आली. म्हणाली, "आपण स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट करू." म्हणजे काय, तर संगणकात लिहिलेला करार. तो आपला आपणच पाळला जातो. ज्याची पाळी, त्याच्या दाराला बसवलेली मोटार वेळ झाली की ते उघडणार. हा करार ब्लॉकचेनवर चढवायचा, म्हणजे हजारो संगणकांत त्याच्या नकला बसतात. एकदा चढला की लिहिणाऱ्यालाही त्यातलं अक्षर बदलता येत नाही. गावाला हेच तर हवं होतं.

प्रणिताला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "आधी सरावाच्या जाळ्यावर, म्हणजे सरावापुरत्या वेगळ्या ब्लॉकचेनवर चढव. तिथं चुकलं तर कुणाचं काही जात नाही. गावाला सोबत घे आणि एक पूर्ण फेरी चालवून बघ."

प्रणितानं एकटीनंच चालवून बघितली. ठीक चालली. गावाला बोलवायचं, तर आपलं हे पहिलंच काम आहे हे सांगावं लागणार. तेवढ्यात पाणी सोसायटीचे भिकाजीअण्णा हार घेऊन दारात.

"काय गं, झालं ना? का अजून शिकतेच आहेस?"

अण्णांसोबतची माणसं हसली. प्रणिता म्हणाली, "झालंय, अण्णा." आणि तिनं करार चढवला. कुणाचा हात पोचू नये म्हणून अण्णांनी दारांच्या मोटारी चालवणारी पेटी कुलूपबंद केली आणि किल्ली विहिरीत टाकली.

पहिल्या पाळ्या सरळ गेल्या. मग अनसूयाकाकूंच्या पाळीच्याच दिवशी त्यांचे सासरे वारले.

निमखेडीची रीत अशी, की सुतकातलं घर शेतात पाय ठेवत नाही. त्यांची पाळी पुढचा घेतो आणि सुतक फिटल्यावर परत देतो. प्रणिताला ही रीत ठाऊक होती. पण गावचीच पोर म्हणून कुणी तिला सांगितली नाही, आणि आपलंच गाव म्हणून तिनं कुणाला विचारली नाही. करारात ती आलीच नाही.

तिरडी उठली. गाव तिच्यामागं निघालं. आणि तिकडं काकूंच्या शेताचं दार घरघर करत वर जाऊ लागलं.

"थांबव ते," अण्णा म्हणाले.

"थांबत नाही, अण्णा."

"म्हणजे?"

"म्हणजे मलाही थांबवता येत नाही."

उंबऱ्यात बसलेल्या अनसूयाकाकू एवढंच बोलल्या, "रोप परवाच लावलंय गं. पाणी मोकळं सुटलं तर वाहून जाईल."

प्रणितानं फावडं उचललं आणि अनवाणी पळाली. वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरायचं काम तिनं कधी केलं नव्हतं. एका वाफ्याचं तोंड बुजवलं की दुसरा फुटायचा. माती हातातून निसटत होती. डोळ्यांदेखत हिरवं रोप तरंगत ओढ्याकडं निघालं. शेवटी फुटलेल्या बांधात ती स्वतः आडवी बसली. पाठीवर पाण्याचा लोट, आणि तो कमी होण्याचं नाव नाही.

ऊन कलल्यावर दार आपणच खाली आलं. करारात नोंद झाली: पाणी दिलं. अर्धे वाफे गेले होते.

मसणवटीतून अण्णा तसेच शेतावर आले. चिखलातली प्रणिता म्हणाली, "हे माझं पहिलंच काम होतं, अण्णा."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही हार घेऊन उभे होतात."

अण्णांनी पेटीचं कुलूप फोडायला घण मागवला.

सुतक फिटल्यावर प्रणिता अनसूयाकाकूंच्या पायरीवर जाऊन बसली. "काकू, मला अजून नीट येत नाही. नवा करार लिहायचाय, आणि या वेळी सगळ्यांना घेऊन सराव करायचाय. पाण्याची पाळी कशाकशानं मोडते, तेवढं सांगा."

 काकूंनी पदरानं पायरी झटकली.

"नीट टेकून बस. बाळंतपणापासून सुरू करू."

तात्पर्य: जे काम एकदा केलं की मागं घेता येत नाही, त्याला हात घालण्याआधी आपण नवखे आहोत हे मोकळेपणी सांगावं. सांगितलं तर लाज आपल्या एकट्याची. लपवलं तर नुकसान दुसऱ्याच्या घरी जातं.