लाडू आधी सोनबाला

तांबेगडच्या महाराजांना उधळपट्टीचा भारी तिटकारा, अर्थात दुसऱ्यांच्या. एकदा भर दरबारात त्यांनी राजवैद्य उमाक्कांना फर्मावलं, "वेशीबाहेरचा तुमचा दवाखाना बंद करा. विहिरी तपासणारी माणसंही घरी बसवा. कित्येक वर्षांत पटकीची साथ नाही, मग त्यांना फुकट कशाला पोसायचं?"

"आणि पुढे साथ आली तर, महाराज?"

"आली की बघू!"

उमाक्कांनी वाद घातला नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून त्यांनी महाराजांपुढे धरला. महाराजांनी हात पुढे केला, पण लगेच मागे घेतला.

"आधी सोनबाला द्या." सोनबा म्हणजे महाराजांच्या ताटातलं सगळं आधी चाखणारा नोकर.

"सोनबाला आजवर कधी विष सापडलं?"

"छे! एकदाही नाही."

"मग त्यालाही घरी बसवा, महाराज. विष पोटात गेलं की बघू!"

महाराज आधी लाल झाले, मग पोट धरून हसले. "राहू दे तुमचा दवाखाना, आणि ती विहिरींवरची माणसंही!"

तोवर सोनबानं दुसरा लाडू उचलला होता. "एकानं खात्री पटत नाही, महाराज."