भोपळ्याचे बुडबुडे कुणी नेले?

एक होती काचेची टाकी.
टाकी होती रेवाताईची. रेवाताई वारली. ती आता येत नाही. पण तिची टाकी आहे.
टाकीत राहायचा भोपळ्या मासा. गोल गोल, केशरी केशरी.
टाकीतच राहायची गुलू गोगलगाय. इवलीशी, बोराएवढी.
टाकीत बुडबुडे यायचे. बुडुक बुडुक, बुडुक बुडुक.

एका सकाळी बुडबुडे गेले.
भोपळ्या वर आला. आ केला. मिटला. आ केला. मिटला.
"गुलू, मला श्वास पुरेना," भोपळ्या म्हणाला.
"बुडबुडे कुणीतरी चोरले," गुलू म्हणाली. "थांब. मी चोर पकडते."

गुलूने डोळे बाहेर काढले. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे.
निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

तळाशी होता बुडबुड्यांचा दगड.
"काय रे दगडा, खरं सांग. बुडबुडे लपवलेस ना?"
"मी दगड. मला खिसा आहे का?"
गुलूने वरून पाहिलं. खालून पाहिलं. खिसा नव्हता.
"मग सोड बुडबुडे."
"नाही सोडणार. आधी नळीला सांग. नळी हवा नेईना."

गुलू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
"काय गं नळीबाई, खरं सांग. हवा लपवलीस ना?
दगड बुडबुडे सोडीना,
भोपळ्याला श्वास पुरेना."
"मी पोकळ. माझ्यात काय लपणार?"
गुलू नळीवरून चालली. कुठे मुडपली आहे का? नाही. कुठे फाटली आहे का? नाही.
"मग ने हवा."
"नाही नेणार. आधी पंपाला सांग. पंप हवा ओढीना."

नळी टाकीबाहेर गेली. गुलूही गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
बटणाचा लाल दिवा चालू होता. पण पंप कुठे दिसेना. नुसती जाड गोधडी.
गुलू गोधडीखाली शिरली. आत होता पंप.
"काय रे पंपा, खरं सांग. हवा गिळलीस ना?
नळी हवा नेईना,
दगड बुडबुडे सोडीना,
भोपळ्याला श्वास पुरेना."
"म्म्म," पंप म्हणाला.
"तोंडात काय आहे? बुडबुडेच असणार."
"म्म्म. नाक दाबलंय माझं. गोधडीला सांग. गोधडी मला सोडीना."

गुलू गोधडीवर चढली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
"काय गं गोधडीबाई, खरं सांग. चोर तूच ना?
पंप हवा ओढीना,
नळी हवा नेईना,
दगड बुडबुडे सोडीना,
भोपळ्याला श्वास पुरेना."
"मी ऊब देते. चोरी करत नाही," गोधडी म्हणाली. "बघ, माझ्यात रेवाचे फ्रॉक शिवलेत. हा पिवळा. हा ठिपक्यांचा."
"मग पंपाला सोड."
"नाही सोडणार. आधी आईला सांग. आई मला उचलेना."

आई? गुलूचे डोळे आत गेले. पुन्हा बाहेर आले.
निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
रेवाताईची आई मेथी निवडत होती.
"आई, खरं सांग. पंपावर गोधडी तूच घातलीस ना?
गोधडी पंप सोडीना,
पंप हवा ओढीना,
नळी हवा नेईना,
दगड बुडबुडे सोडीना,
भोपळ्याला श्वास पुरेना."

आईच्या हातातली काडी तशीच राहिली.
"हो गं. मीच घातली."
"का?"
"पंप घुर्रर्र करतो. मला वाटतं, रेवा टाकीपाशी बसली आहे. मी वळून बघते. तिथे कुणीच नसतं. मला ते घुर्रर्र नको."
गुलू म्हणाली,
"पण आई, भोपळ्यासुद्धा रेवाताईचाच आहे."

आई उठली. मेथी खाली सांडली.
तिने गुलूला तळहातावर घेतलं. टाकीच्या काचेवर ठेवलं.
भोपळ्या वर आला होता. आ केला. मिटला. आ केला. मिटला.
"अरे देवा, मला वाटलं तुला भूक लागली आहे," आई म्हणाली.

मग?
मग आई गोधडी उचली,
गोधडी पंप सोडी,
पंप हवा ओढी,
नळी हवा नेई,
दगड बुडबुडे सोडी,
बुडुक बुडुक, बुडुक बुडुक,
भोपळ्याला श्वास पुरे!

आईने गोधडी स्वतःच्या अंगावर घेतली. मेथीकडे निघाली.
मागून आवाज आला. घुर्रर्र.
आईने वळून पाहिलं.
टाकीपाशी कुणीतरी होतं.
इवलीशी गुलू. एक डोळा बुडबुड्यांवर, एक डोळा आईवर.
"नाही गं घालत परत," आई म्हणाली. आणि टाकीपाशी येऊन बसली.

गोष्ट गेली सुळुक सुळुक,
परत आली बुडुक बुडुक.