निळीचा रांजण आणि वाळ्याचं अत्तर

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहायची. नवरा कापड घेऊन बाजारोबाजार फिरायचा. घरी ही आणि हिची लेक, दोघी मिळून कापड निळीत रंगवायच्या.

अंगणात नीळ आंबवायचा मोठा रांजण पुरलेला होता. आंबलेल्या निळीला वास फार, तो अंगालाही लागून राहायचा, पण रंगारणीचं सगळं त्या वासावरच चालायचं. रोज सकाळी ती रांजणावर वाकायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची, "आज निळीला भूक लागलीय, गूळ घाल," नाहीतर, "आज तयार आहे, कापड बुडव." ओळखण्यात चूक झाली तर अख्खा रांजण नासायचा.

एकदा पाटलीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. त्या एकेकीच्या हाताला अत्तर लावत होत्या. रंगारणीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला जरा दोनदा लावते हं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची थोडी सरकून बसली. रंगारीणही हसली. लेक मात्र हसली नाही.

घरी येताना ती म्हणाली, "आई, मी तुझ्यासाठी अत्तर आणणार."

"अगं, निळीत जन्म गेला माझा. मला काय करायचंय अत्तर?"

"ते मला माहीत नाही. आणणार म्हणजे आणणार."

आणि निघाली की. दोन दिवस चालून शहरात पोचली. तिथे एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याचं दुकान होतं.

"बाबा, आईसाठी अत्तर हवंय. सगळ्यात कडक द्या. निळीचा वास पार झाकून गेला पाहिजे."

म्हाताऱ्यानं तिच्या हातावर हिनाचं अत्तर लावलं आणि कुपी परत फळीवर ठेवली. "उद्या ये. अत्तर दिवसभर अंगावर वागवायचं, मग घ्यायचं. आमच्याकडे त्याच दिवशी विकत नाहीत."

"दोन दिवस चालत आलेय मी, बाबा."

"मग एक दिवस बसायलाही जमेल."

शहरात आईच्या ओळखीची एक रंगारीण होती. लेक तिच्याकडे उतरली. सकाळी ती मावशी म्हणाली, "तू तुझ्या आईच्या हाताखालची. माझा रांजण जरा बघ गं. मला सर्दी झालीय, काही कळत नाही."

लेक वाकली. श्वास घेतला. हिना. हात पाठीमागे धरून पुन्हा वाकली. तरी हिनाच. निळीला भूक आहे की ती तयार आहे, काही म्हणता काही कळेना.

"मावशी, मला ओळखता येत नाहीये," ती हळूच म्हणाली. मग तिच्या मनात आलं, हेच अत्तर लावून उद्या आई रांजणावर वाकली असती तर?

ती तडक दुकानात गेली. "बाबा, हे नको. यानं आईचं नाकच जाईल."

"मग जा घरी."

"रिकाम्या हातानं नाही जाणार. दुसरं दाखवा."

म्हाताऱ्यानं चमेली लावली. दुसऱ्या दिवशी रांजणावर चमेलीच चमेली. मग मोगरा लावला. तेच झालं. रोज लेक परत यायची आणि हात पुढे करायची.

"पोरी, हेलपाटे घालून पाय दुखत नाहीत तुझे?"

"दुखतात. दुसरं दाखवा."

म्हातारा हसला. कोपऱ्यातली एक लहान कुपी काढून त्यानं वाळ्याचं अत्तर लावलं. अगदी मंद. हात नाकाशी नेल्याशिवाय कळूही नये असं.

सकाळी लेक रांजणावर वाकली. आधी वाळ्याचा गारवा आला, आणि त्याच्याखालून, स्वच्छ, निळीचा वास.

"मावशी, भुकेला आहे. गूळ घाल."

तिनं तीच कुपी घेतली आणि घरची वाट धरली.

पुढच्या हळदीकुंकवाला रंगारीण वाळा लावून गेली. पाटलीणबाई नेसल्या होत्या नवी गर्द निळी साडी. जवळ येऊन म्हणाल्या, "अत्तर आणलंत म्हणे शहरातून. पण निळीचा वास येतोच की हो."

आई काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "येणारच, पाटलीणबाई. त्या वासावरून आईनं नीळ तयार झाल्याचं ओळखलं, म्हणून तुमच्या साडीला हा रंग चढला."

पाटलीणबाईंनी आपल्या पदराकडे पाहिलं. मग रंगारणीच्या हाताला अत्तर लावलं. एकदाच. सरकून बसलेली शेजारीण पुन्हा जवळ सरकली आणि पाटलीणबाईंचा पदर चाचपत म्हणाली, "मलाही अशीच एक रंगवून द्याल का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारीण रांजणावर वाकली. हाताला वाळ्याचा वास अजून होता. तिनं एक श्वास घेतला.

"आज तयार आहे," ती म्हणाली. "कापड आण, बाळ."

तात्पर्य काय, तर आपल्या माणसाला काही द्यायचं असेल तर आधी त्याचं काम बघावं. त्याची लाज झाकणारं देऊ नये, त्याचा मान राखणारं द्यावं, आणि ते सापडेपर्यंत हेलपाट्यांना कंटाळू नये.