आटो माझे पाणी

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या खारवली गावात विदेहनाथ महाराजांचा मुक्काम होता. शिवालयाच्या ओसरीवर ते बसत आणि समोर मिठागरांचे वाफे उन्हात पांढरे होत जात. त्याच मिठागरात राबणारा गोमा त्यांचा भक्त. अक्षरे त्याला महाराजांनीच शिकवली होती. तेव्हापासून गोमा पदे रचू लागला. म्हणजे बांधाच्या ओल्या मातीवर बोटाने ओळ लिहायचा, तिच्याकडे पाहत बसायचा आणि तळहाताने पुसून टाकायचा. देवापुढे ठेवावी इतकी चांगली ती त्याला कधी वाटतच नसे.

वैशाख पौर्णिमेच्या उत्सवात यंदाचे पद गोमाने गावे, असे महाराजांनी सांगितले आणि त्याची झोप उडाली. उत्सव दुसऱ्या दिवसावर आला, तरी त्याच्यापाशी एकच ओळ होती : ‘आटो माझे पाणी, उरो तुझी चव.’

गावातले नारोपंत बसल्या बैठकीला पदांची रास घालत. ते ओसरीवर सर्वांदेखत म्हणाले, “काय रे गोमा, एकाच ओळीवर महादेवाची बोळवण करणार? माझ्याकडची ने चार. मला आठवायचीसुद्धा नाहीत.”

लोक हसले. गोमाने मान खाली घातली. “जमत नाय, महाराज. दुसऱ्या कुणाला सांगा.”

महाराज म्हणाले, “गोमा, वाफ्यात पाणीच घेतलं नाहीस, तर मीठ कशाचं धरेल? गढूळ येईल म्हणून भरतीला दार लावतोस होय?”

गोमाने हात उलटा करून पाहिला. पुसलेल्या ओळींची माती त्याच्या तळहाताला लागलेली होती.

भर दुपारी उधाण आले आणि मोठ्या बांधाला खांड पडली. साऱ्या हंगामाचे मीठ वाफ्यांच्या कडेला रचलेले; पाणी आत शिरले तर गावाची वर्षभराची भाकरी विरघळणार होती. बायका-पुरुष सारे धावले. रांग लावून मातीची ढेकळे हातोहात जाऊ लागली, पण घाईत हातांचा मेळ बसेना. ढेकूळ पडे, फुटे, वाहून जाई.

महाराज शांतपणे खांडीत उतरले. पाणी छातीला लागले. “कुणीतरी गा रे,” ते म्हणाले, “हातांना ताल द्या.”

नारोपंतांनी आवाज लावला. पदामागून पद येत होते. पण एक ओळ ओठांवर बसते न बसते तोच दुसरी तिला ढकलून देई. रांग अधिकच गोंधळली. पंतांचा आवाज चिरकला आणि थांबला.

तेव्हा रांगेतून हळूच, जणू स्वतःशीच, गोमा गुणगुणला, “आटो माझे पाणी, उरो तुझी चव.”

शेजारणीने ती ओळ उचलली. मग तिच्या पुढच्याने. बघता बघता साऱ्या रांगेचे हात एका तालात हलू लागले. आणि त्या तालावर गोमाच्या ओठी नवी ओळ आली, “फुटला हा बांध, तूच आडवा हो.” ओळ कच्ची वाटली म्हणून त्याचा तळहात सवयीने पुसायला उठू पाहत होता, पण दोन्ही हातांत चिखल होता. पुसायला हात मोकळाच नव्हता! तोवर लोकांनी ती ओळ गायलीही. पाठोपाठ आली, “हाताला दे हात, मातीला दे माती.”

आणि गावाने पाहिले : बाहेर समुद्र उसळत होता, पण महाराजांच्या छातीशी आलेले पाणी तिथेच उभे राहिले होते, कीर्तनात मागे उभ्या राहिलेल्या माणसासारखे. शेवटचे ढेकूळ बसले, महाराज वर आले, तेव्हाच पाणी हलले आणि ओहोटीच्या वाटेने निघून गेले.

नारोपंत बांधावर बसले होते. “महाराज,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “इतकं लिहिलं. त्यात एक ओळ तरी कुणाच्या कामाची असेल का?”

“असेल की,” महाराज म्हणाले. “तुमच्याकडे समुद्र आहे, पंत. त्याला थोडं ऊन लागू द्या.”

पंतांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. उठले, आणि गोमाचे चिखलाने माखलेले हात कपाळाला लावले. “माझी पदं ऐकशील, गोमा? काय पुसायचं, ते सांग.”

गोमा लाजला. “सांगेन की. पण पंत, मी पुसायला लागलो, तर माझा हात धरा.”

दुसऱ्या दिवशी शिवालयात गोमाने आपले पद गायले. ध्रुवपद धरायला त्याच्यामागे नारोपंत उभे होते, मान लववून.